उरलेल्या भाकरीचा पत्ता

रेडिओवरून स्वयंपाकघराशी बोलण्याची प्रथा तशी जुनी आहे. १९४० च्या जून महिन्यात, फ्रान्स जर्मनीच्या हाती पडत होता त्या दिवसांत, बीबीसीवर एक छोटा कार्यक्रम सुरू झाला. सकाळी आठच्या बातम्या संपल्या की सव्वाआठला फक्त पाच मिनिटं. नाव ‘किचन फ्रंट’, म्हणजे स्वयंपाकघराची आघाडी. घरची बाई पिशवी घेऊन बाजाराला निघायच्या आधी तिला गाठायचं, असा हिशेब. आज बाजारात काय भरपूर आहे, शिळ्या पावाचं काय करता येईल, बटाटा सालासकट कसा शिजवावा, असल्या गोष्टी त्यात असत. कधी गर्ट आणि डेझी नावाच्या दोन विनोदी बायका येऊन गप्पा मारत. भाषण कमी, गप्पा जास्त. लाखो लोक ऐकायचे.

या सगळ्यामागे लॉर्ड वूल्टन नावाचे अन्नमंत्री होते. राजकारणात येण्याआधी ते मोठमोठ्या दुकानांचा कारभार पाहत. गिऱ्हाइकाला दरडावून माल खपत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. पण सरकार नुसतं गोड बोलून थांबलं नव्हतं. १९४० च्या ऑगस्टमध्ये अन्न वाया घालवणं हा कायद्यानं गुन्हा ठरला. पुढे लंडनजवळच्या बार्नेट गावात एका बाईला १० पौंड दंड झाला. तिची मोलकरीण बागेतल्या पाखरांना पाव टाकताना दोनदा दिसली होती, म्हणून. मोलकरणीलाही ५ शिलिंगांचा दंड बसला. बाईंचं म्हणणं एवढंच की, पाखरं उपाशी मरताना मला बघवत नाहीत.

मी पडलो कवी, त्यामुळे माझं मन त्या बाईंच्या बाजूनं झुकतं. पण त्यापेक्षा मला त्या खटल्यातला दुसराच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. तो पाव उकिरड्यावर गेला नव्हता, कुणाच्या तरी चोचीत गेला होता. सरकारचं म्हणणं, पाखरू हे पावाचं बरोबर ठिकाण नाही. मग बरोबर ठिकाण कोणतं? तर डुक्कर. त्या काळात ब्रिटनमध्ये रस्तोरस्ती पिंपं ठेवलेली असत. घरातली सालं, देठं, खरकटं त्यात टाकायचं. ते उकळून डुकरांना घालत आणि त्यांचं मांस पुन्हा माणसांच्या ताटात येई. आमच्या दस्तरखानावर डुकराचा विषय निघत नाही, पण इतिहास सांगताना तो टाळता येत नाही.

घरातलं अन्न वाया जाऊ नये असं माणसाला कशामुळे वाटतं, याची उत्तरं आपल्याकडे तयार असतात. देशभक्ती, धर्म, भीती, महागाई. ही उत्तरं खोटी नाहीत. पण गेल्या शंभरेक वर्षांतल्या टंचाईच्या कहाण्या वाचताना मला एक प्रश्न जास्त कामाचा वाटू लागला. उरलेलं जात कुठं होतं? ज्या घरात उरलेल्या भाकरीला ठरलेला पत्ता होता, तिथं ती वाचली. जिथं पत्ता नव्हता, तिथं नुसती नियत पुरी पडली नाही.

आपल्याकडे रेशन आलं तेही त्याच महायुद्धात. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली आणि त्याच वर्षी मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. रांगेत उभं राहून, कार्ड दाखवून, मोजून घेतलेला तांदूळ. रेशननं एक गोष्ट केली, जी कुठल्याही भाषणानं होत नाही. घरात किती धान्य आहे आणि ते किती दिवस पुरवायचंय, हे बाईला रोज दिसू लागलं. ब्रिटनमध्येही तेच झालं. राजवाड्यालासुद्धा रेशनची पुस्तकं होती. तिथलं रेशन १९५४ च्या जुलैपर्यंत, म्हणजे युद्ध संपून ९ वर्षं झाली तरी चालू होतं. एवढ्या वर्षांत तिथली एक अख्खी पिढी मोजून खायला शिकली.

स्वातंत्र्यानंतर अन्नमंत्री कन्हैयालाल मुनशींच्या काळात वेगळाच प्रयोग झाला. लीलावती मुनशींच्या पुढाकारानं महिलांनी ‘अन्नपूर्णा’ नावाची उपाहारगृहं काढली. तांदूळ-गव्हाशिवाय जेवण होऊ शकतं, हे तिथं लोकांना खाऊ घालून पटवायचं होतं. कल्पना चांगली, पण लोकांना भात तो भातच हवा. जीभ हा फार जुना सरकारी नोकर आहे, बदलीचा हुकूम सहसा मानत नाही.

मग आलं १९६५. पाऊस दगा देऊन गेलेला, पाकिस्तानशी युद्ध झालेलं, अमेरिकेचा गहू थोडाथोडा आणि अटी घालून मिळणारा. १९६४-६५ मध्ये देशात ८.९ कोटी टन धान्य पिकलं होतं, पुढच्या वर्षी ते ७.२ कोटी टनांवर आलं. लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं. सोमवारची संध्याकाळ ठरली. हॉटेलं बंद राहू लागली, घराघरांतल्या चुली थंड राहू लागल्या. सरकारी आवाहनाला एवढा मनापासून प्रतिसाद आपल्या देशात क्वचितच मिळाला असेल. माणूस साधा होता, बोलणं खरं होतं, हे कारण आहेच. पण दुसरंही एक कारण मला दिसतं. शास्त्रींनी जे मागितलं ते आपल्याला येत होतं. उपास आपल्या अंगवळणी पडलेला. कुणाची एकादशी, कुणाचा सोमवार, आमचा रमजान. उपासाला आपल्याकडे इज्जत आहे. शिळं खाण्याला ती नाही. ‘सोमवारी रात्री जेवू नका’ याऐवजी ‘सोमवारी रात्री सकाळचं उरलेलं खा’ असं सांगितलं असतं, तर किती घरांनी ऐकलं असतं, मला शंका आहे.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी दोन-अडीच वर्षांचा होतो. तो मला अम्मानं सांगितलेला आहे. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. विहिरी कोरड्या, बाजारात ज्वारी दिसेना. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती, त्यात माझी अम्मा आणि तिच्या दोन नणंदा होत्या. खडी फोडायची, पाट्या वाहायच्या. रोजगार हमी योजना त्याच काळात उभी राहिली, पुढे तिचा कायदा झाला. मुलांना सुकडी मिळायची. आणि रेशनवर मिळायचा तो मिलो.

मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. आमच्या भागातल्या साठीपुढच्या कुणालाही विचारा, नाव काढल्याबरोबर तोंड वाकडं होईल. अम्मा सांगायची, त्या पिठाला चिकटपणाच नव्हता. थापताना भाकरीच्या कडा फाटायच्या, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. चव कडसर. पोरं रडायची, म्हातारी माणसं तुकडा तोंडात घेऊन बसून राहायची. आणि मग ती एक गोष्ट सांगायची, जी मला कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळाली नाही. पहिले काही दिवस मोहल्ल्यातल्या उकिरड्यावर लाल भाकरीचे तुकडे पडलेले असत. भर दुष्काळात! ज्या घरांत दोन वेळची मारामार, त्याच घरांतून. पुढं बायकांनी एकमेकींना शिकवलं. पीठ आधणाच्या पाण्यात मळायचं, म्हणजे भाकरी धरते. भरडून कण्या करायच्या आणि चिंचेचं पाणी घालून शिजवायच्या. महिनाभरात उकिरडा साफ झाला. भूक तेवढीच होती, हुनर आलं होतं.

अम्माची ही गोष्ट मला कितीतरी वर्षांनी, अगदी दूरच्या एका शहराबद्दल वाचताना आठवली. त्याच १९७३ साली अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात, विल्यम रॅथजी नावाच्या पुरातत्त्वाच्या प्राध्यापकांनी एक अजब उद्योग सुरू केला. हजारो वर्षांपूर्वीचा कचरा उकरून आपण त्या माणसांचं जगणं समजून घेतो, मग आजच्या माणसांचं का नाही? म्हणून ते आणि त्यांचे विद्यार्थी लोकांच्या घरचा कचरा गोळा करून, निवडून, तोलून त्याची नोंद ठेवू लागले. पहिलीच गंमत अशी दिसली की, लोक जे सांगतात आणि त्यांची कचऱ्याची पेटी जे सांगते, त्यांचं जमत नाही. ‘आमच्याकडे काही वाया जात नाही’ असं सांगणाऱ्या घरांच्या पेट्या भरलेल्या असत.

दुसरी गोष्ट आणखी चक्रावणारी. त्या वर्षी अमेरिकेत गोमांसाची टंचाई झाली होती, भाव चढले होते. सरळ हिशेब असा की, महाग झालं म्हणजे लोक जपून खातील. पेटीत उलटंच निघालं. टंचाईच्या महिन्यांत गोमांस नंतरच्या काळापेक्षा तिप्पट वाया गेलं होतं. रॅथजींनी कारण शोधलं. घाबरून लोकांनी मिळेल तेवढं घेऊन ठेवलं होतं. नेहमीचे तुकडे मिळेनात म्हणून कधी न शिजवलेले तुकडे आणले होते. ते कसे शिजवायचे, कसे टिकवायचे, हे माहीत नव्हतं. यावरून त्यांनी एक नियमच मांडला. घरातलं जेवण जितकं रोजचं तेच ते, तितकं कमी वाया जातं. रोज लागणारा पाव संपतो, कधीतरी आणलेला खास पाव बुरसतो.

टूसॉनचं गोमांस आणि आमच्या मोहल्ल्यातला मिलो यांची जात एकच. महागाई आणि भूक माणसाला वाचवायची इच्छा देतात. वाचवायचं कसं, हे त्या शिकवत नाहीत.

आपल्या जुन्या घरांना ते ठाऊक होतं. रात्रीच्या पोळ्यांची सकाळी फोडणीची पोळी, भाताचा फोडणीचा भात. भाकरीचे कुटके करून ताकात भिजवायचे. आमच्याकडे चपात्या चुरून गूळ-तूप घातलं की मलीदा, आणि मलीद्यावर तर फातिहा वाचली जायची. उरलेल्यालाही मान. ही यादी कुठल्याही मराठी माणसाला तोंडपाठ असते आणि ती सांगताना आपण सगळे थोडे हळवे होतो. मीही होतो. पण याच ठिकाणी इतिहासानं आपल्याला जरा थांबवायला हवं.

शिळं कोण खायचं? घरातल्या पुरुषाच्या ताटात ताजी भाकरी, मुलांच्या ताटात ताजी. रात्रीची उरलेली भाकरी अम्मा खायची, तीही सगळ्यांच्या शेवटी, चुलीजवळ बसून. ‘मला शिळीच आवडते’ असं ती म्हणायची. पुढं तिचे दिवस बरे आले, तेव्हा मी पाहिलं, शिळीला ती हातही लावत नसे. त्या काळच्या कितीतरी घरांतली काटकसर एका बाईच्या पोटावर चालायची.

आणि तिच्याही पलीकडं, उंबऱ्याबाहेर, आणखी एक पत्ता होता. गावगाड्यात महारांनी दिवसभर गावकी करायची आणि संध्याकाळी घरोघर फिरून भाकरी मागायची. टोपल्यात काय पडायचं? बहुतेक वेळा शिळं, उरलेलं, आंबलेलं. गाव ‘आमच्याकडे अन्न वाया जात नाही’ असं म्हणत होतं, त्याचा एक अर्थ हाही होता. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस आणि असे शिळे तुकडे सोडून द्यायला सांगितलं. लोकांनी ते ऐकलं, उपाशी राहायची तयारी ठेवून ऐकलं. अन्नाच्या इतिहासात याला मी फार मोठी घटना मानतो. माणसं उरलेल्याचा पत्ता व्हायला नकार देऊ लागली. ज्यांना जुने दिवस परत यावेत असं वाटतं, त्यांनी त्या दिवसांतलं हे पान वगळू नये.

उरलेल्याची आधीच सोय लावण्याची एक देखणी रीतही याच महाराष्ट्रात होती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कामाशी जोडलेला मुष्टिफंड. वसतिगृहातल्या गरीब मुलांसाठी गावातल्या बायका दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. हे उष्टं नव्हतं, शिळं नव्हतं, शिजवण्याआधी काढलेलं कोरं धान्य होतं. त्या मुठीला पत्ता होता, आणि त्या पत्त्यावर साऱ्या जातिधर्मांची पोरं राहत होती. मूठ काढताना बाईचा हात एकदा धान्यात जाई, आणि डब्यात किती उरलंय याचा अंदाजही तिला त्याच वेळी येई.

धर्माचं काय, असं तुम्ही विचाराल. लहानपणी आम्हाला शिकवलं होतं की, दस्तरखानावर सांडलेला घास उचलावा, झटकून खावा, सैतानासाठी सोडू नये. ताट बोटानं पुसून साफ करावं, बरकत कुठल्या दाण्यात आहे कुणाला माहीत. शेजारच्या ब्राह्मण घरात जेवणाआधी श्लोक म्हणत आणि ताटात काही टाकलं तर आजी डोळे वटारत. दोन्ही घरांत मुलाच्या ताटात दाणा उरत नसे. आणि त्याच दोन्ही घरांच्या लग्नांत ढिगानं अन्न उकिरड्यावर जायचं. आमच्या वलीम्यात बिर्याणीची देग कमी पडली तर खानदानाची नाचक्की, उरली तर शान. धर्मानं घासाची शिकवण दिली, देगेचा हिशेब मात्र आपण प्रतिष्ठेवर सोडला. साठच्या दशकात अनेक राज्यांनी लग्नातल्या पाहुण्यांच्या संख्येवर सरकारी मर्यादा घालून पाहिली. त्यातून पळवाटाच जास्त निघाल्या.

मग घरात फ्रिज आला. गोदरेजनं १९५८ मध्ये भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली, पण मध्यमवर्गाच्या ओट्याशेजारी तो सर्रास दिसू लागला तो पुढच्या काही दशकांत. अन्न टिकवायला आलेलं हे यंत्र. त्यानं दूध वाचवलं, भाजी वाचवली, हे मान्यच करायला हवं. पण त्यानं उरलेल्याला एक खोटा पत्ताही दिला. वाटीभर आमटी टाकताना जीव तुटतो, म्हणून ती झाकून आत ठेवायची. आता ती टाकली असं होत नाही. चार दिवसांनी तिला वास येतो, आणि मग ती टाकताना जीव तुटत नाही. दरम्यान घरातून शेळी गेली, परसातल्या कोंबड्या गेल्या, दारावर येणारी माणसं दुसऱ्या कामांना लागली, आणि ते चांगलंच झालं. चौथ्या मजल्यावरच्या उरलेल्या पोळीला प्लास्टिकची बादली हाच एक पत्ता राहिला.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की, २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के हॉटेलांतून किंवा दुकानांतून नव्हे, घरांतून. भारतीय घरांचा त्यातला अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो आहे. जगाची सरासरी ७९.

ज्या ब्रिटनमध्ये पाखरांना पाव टाकल्याबद्दल दंड झाला होता, तिथंच २००७ साली घरातलं अन्न वाचवण्याची मोठी मोहीम नव्यानं सुरू करावी लागली. ‘लव्ह फूड, हेट वेस्ट’ हे तिचं नाव. या वेळी कायदा नव्हता, युद्ध नव्हतं. तुमचे पैसे वाचतील, असं सांगितलं आणि सोबत साध्या युक्त्या दिल्या. किती माणसांना किती तांदूळ, पाव कुठं ठेवायचा, डब्यावरच्या तारखेचा नेमका अर्थ काय. पाच वर्षांत घरांतलं टाळता येण्यासारखं वाया जाणं २१ टक्क्यांनी घटलं. याच वर्षांत तिथं मंदी होती, किमती वाढत होत्या, हेही लक्षात घ्यायला हवं. कारण पुढं किमती उतरल्या आणि २०१५ पर्यंत वाया जाणारं अन्न पुन्हा थोडं वाढलं. पैशाचं कारण पैशाबरोबर येतं आणि त्याच्याबरोबर जातं. युक्त्या मात्र ज्यांच्या हाताला लागल्या, त्यांच्या हातात बहुधा राहत असाव्यात. हा माझा तर्क आहे, पण मिलोच्या भाकरीवरून केलेला.

दक्षिण कोरियानं तर उरलेल्या अन्नाला वजनकाट्यावरच बसवलं. २०१३ पासून तिथं जेवढं टाकाल तेवढे पैसे, असा नियम आहे. सोलमधल्या अनेक इमारतींत कार्ड लावल्याशिवाय पेटी उघडत नाही, आणि टाकलेल्याचं वजन समोरच दिसतं. रॅथजींना हे आवडलं असतं. लोकांच्या सांगण्यावर विश्वास न ठेवता थेट पेटीलाच विचारायचं.

त्या युक्त्यांच्या यादीत तांदूळ मोजायचं भांडं होतं, हे वाचून मला हसू आलं होतं. आपल्याकडे चिपटं होतं, मापटं होतं, शेर होता. दोन चिपट्यांचं एक मापटं. अम्मा कधी अंदाजानं तांदूळ घेत नसे. आधी दारात येऊन ओरडायची, ‘पैले बोलो, कित्ते जने खानेवाले हैं, फिर हांडी चढाती मैं.’ कोण घरी, कोण बाहेर, कोण पाहुणा येणार, हे ठरल्याशिवाय चिपटं डब्यात जायचं नाही. कुणी उशिरा ‘मी बाहेर जेवून आलो’ म्हणालं, तर त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांदेखत फोडणीचा भात खावा लागे. शेवटी शेवटी अम्मानं हा नियम केला होता, आणि तो पुरुषांनाही लागू होता. आमचे अब्बाजान एकदा तो भात मुकाट्यानं खाताना मी पाहिलेत.

तिचं पितळी चिपटं सध्या माझ्या सुनेकडे, पुण्याला आहे. घरात चार माणसं, चौघांच्या चार वेळा, दोघं बाहेर जेवणारी. ती संध्याकाळी सहाला मोबाइलवर सगळ्यांना विचारते, आज कोण कोण आहे? उत्तर आल्याशिवाय कुकर लावत नाही. गेल्या महिन्यात मी गेलो होतो, तेव्हा माझ्या नावानं अर्धं चिपटं वाढवलं होतं. मला तेवढं पुरलं.